वरवरचा आजार, वरवरचा आक्षेप

त्वचारोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवीचे पूर्ण नाव एम.डी. (त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग) असे आहे. दवाखान्याच्या पाटीवर यातला पहिला शब्द ठळक, दुसरा बारीक अक्षरांत असतो आणि तिसरा बहुधा नसतोच. त्याच्या जागी ‘केस’, ‘लेझर’ किंवा ‘कॉस्मेटोलॉजी’ येऊन बसलेले असते. या पाटीकडे पाहूनच एक मत रूढ झाले आहे. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे चेहऱ्याचा डॉक्टर. त्याला रात्री-अपरात्री कोणी उठवत नाही, त्याचा रुग्ण मरत नाही आणि पुरता बराही होत नाही, त्यामुळे धंदा बारमाही. हुशार मुले पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत वर येऊन हीच शाखा घेतात, म्हणजे समाजाचा पैसा आणि बुद्धी दोन्ही पार्लरमध्ये जाते, असा त्यावर कळस. वसतिगृहात हे विनोद म्हणून चालते, नातेवाइकांत टोमणा म्हणून, आणि आरोग्यखात्याच्या नियोजनात न बोलता गृहीत धरले जाते. या मतातला थोडा भाग खरा आहे. तो पुढे येईलच. उरलेला भाग मात्र अज्ञानावर उभा आहे, आणि त्या अज्ञानाची झळ रुग्णांना बसते.

‘कातडीच्या रोगाने कोणी मरत नाही’ हे विधान पेम्फिगसच्या एका रुग्णापुढे टिकत नाही. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच उलटते. आधी तोंडात व्रण पडतात, मग अंगावर फोड येतात, फुटतात आणि माणूस भाजल्यासारखा सोलून निघतो. अंगातले पाणी, क्षार आणि प्रथिने झिरपून जातात, उघड्या मांसात जंतू शिरतात. स्टेरॉइड औषधे हाती येण्यापूर्वी यातले बहुतेक रुग्ण दगावत. ती आल्यावर मृत्यू घटले, पण रोज मोठ्या मात्रेत ती घेत राहण्याचे परिणाम रुग्णाला वेगळ्या वाटेने पोखरू लागले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात यावर तोड काढली. डेक्सामेथासोन १०० मिलिग्रॅम सलग तीन दिवस सलाइनमधून, दुसऱ्या दिवशी त्यासोबत सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिलिग्रॅम, आणि हा फेरा दर २८ दिवसांनी. औषधे जुनी, स्वस्त, सरकारी रुग्णालयात मिळणारी. भारतातील त्वचारोग विभागांत ही पद्धत वर्षानुवर्षे चालली आणि असंख्य रुग्ण त्यावर घरी गेले. रिटुक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत पेम्फिगससाठी अधिकृत मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. ‘चेहऱ्याच्या डॉक्टरां’नी मधली तीन दशके कशी भरून काढली, हे टोमणा मारणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण औषधांच्या घातक प्रतिक्रियेचे. फिट्सवरची काही औषधे, युरिक अॅसिडसाठीचे अॅलोप्युरिनॉल, सल्फा गटातील गोळ्या यांनी एखाद्याच्या शरीरात असा काही उद्रेक होतो की कातडीचा वरचा थर चादरीसारखा सुटू लागतो. तो शरीराच्या ३० टक्क्यांहून अधिक भागावर सुटला की त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. यात चारातला एक, कधी तिघांतला एक रुग्ण जातो. पहिल्या दिवशी दिसतात ते लालसर डाग, डोळ्यांची आग आणि तोंडातले व्रण. हे साधे पुरळ आहे की वादळाची सुरुवात, हे ओळखणे आणि दहा औषधांतून दोषी औषध शोधून ते त्या क्षणी बंद करणे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. अतिदक्षता विभागातून रात्री दोन वाजता त्वचारोगतज्ज्ञाला फोन जातो तो यासाठी.

आता ‘वरवरचे’ या शब्दाबद्दल. त्वचा वर असते, आजार वर असतोच असे नाही. मुलीची मान काळी पडली की घरात लिंबू, बेसन, अंघोळीच्या दगडाने घासणे सुरू होते, आणि मुलगी अंघोळ नीट करत नाही असा ठपकाही बसतो. मखमलीसारखी जाड, काळपट झालेली ती मान पुष्कळदा इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाल्याची खूण असते. मधुमेह पुढे कधीतरी रक्तात सापडेल. मानेवर तो आधी लिहिला जातो. नागिणीचेही तसेच. विळखा पूर्ण झाला की माणूस संपतो, ही समजूत आणि गेरूचा लेप यांत पहिले तीन दिवस निघून जातात. नेमके तेच ७२ तास विषाणुविरोधी गोळ्यांसाठी मोलाचे असतात. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत वर्षानुवर्षे दबा धरून बसतो आणि तिथूनच बाहेर पडतो; म्हणून पुरळ गेल्यावरही म्हाताऱ्या माणसाची बरगडी महिनोन्महिने जळत राहते.

पुण्याने तर या शाखेच्या इतिहासात एक अख्खे प्रकरण जोडले आहे. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते भारतात प्रथम लक्षात आले पुणे परिसरात, १९५५ च्या सुमारास. आयात गव्हाबरोबर आले, ही समजूत त्याला कायमची चिकटली. पुढच्या वर्षांत शेतकऱ्यांना आणि बागकाम करणाऱ्यांना एक विचित्र इसब होऊ लागले: पापण्या, मान, कोपराचा खळगा, म्हणजे नेमका उघडा भाग खाजून जाड व्हायचा, चेहऱ्यावर घड्या पडायच्या. हात न लावताही व्हायचे, कारण वाळलेल्या गवताची धूळ हवेतून येऊन बसायची. डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. गवतातील पार्थेनिन हे द्रव्य दोषी असते, ही गोष्ट रुग्णाच्या पाठीवर पट्टी चिकटवून, ४८ तासांनी आणि नंतर पुन्हा पाहून सिद्ध करता येते. हीच पॅच टेस्ट टिकलीच्या गोंदातले रसायन, सिमेंटमधले क्रोमेट आणि बनावट दागिन्यांतले निकेल पकडून देते. गवंड्याचा हात का फुटतो आणि कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग का पडतो, याचे उत्तर शोधणे हे गुप्तहेराचे काम आहे. त्यात सौंदर्याचा संबंध असला तर टिकलीपुरता.

आक्षेप घेणारे याला अपवाद म्हणतील. तेव्हा नायट्याकडे वळावे, कारण तो अपवाद नाही; प्रत्येक चाळीत, प्रत्येक वाडीवर तो आहे. गजकर्ण, नायटा, दाद या नावांनी ओळखला जाणारा हा बुरशीचा संसर्ग पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जात असे. गेल्या दहा-बारा वर्षांत तो जाईनासा झाला आहे. जांघेतून कमरेवर, कमरेवरून पोटावर, नवऱ्यापासून बायकोला, तिच्यापासून लहान मुलाला असा तो घरभर फिरतो आणि महिनोन्महिने गोळ्या खाऊनही उलटतो. कारणांत उकाडा, घाम, अंगाला चिकटलेली जीन्स, दाटीवाटीची घरे हे सारे आहे. मुख्य आरोपी मात्र औषधांच्या दुकानातील काउंटरवर सापडतो.

‘खाजेचे एखादे मलम द्या’ म्हटल्यावर हाती पडते ती संयुक्त मलमाची ट्यूब. तिच्यात एक बुरशीविरोधी औषध, एक जिवाणूविरोधी, कधी आणखी एखादे आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टेरॉइड. निदान काहीही निघो, चारांपैकी एक तरी लागू पडेल, असे हे गणित. स्टेरॉइडने खाज एका दिवसात थांबते, लाली मावळते, रुग्ण खूश होतो आणि शेजाऱ्यालाही तेच सुचवतो. त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती मात्र त्याच स्टेरॉइडने झोपवलेली असते, त्यामुळे बुरशी आत निर्धास्त पसरते. मलम थांबवले की दुप्पट खाज, म्हणून पुन्हा मलम. काही महिन्यांत जांघेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे कायमचे वळ उमटतात आणि नायट्याचा ओळखीचा गोल आकार इतका बिघडतो की नवख्या डॉक्टरला तो ओळखूही येत नाही. अर्धवट उपचारांच्या या रगाड्यात बुरशीनेही आपले काम केले. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालते, त्या विकराचा जनुकच बदललेले वाण भारतभर पसरले. २०२० मध्ये त्या प्रजातीला नाव मिळाले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच देश आला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले. भारताने जगाला योग दिला, मसाले दिले, आणि हेही.

ही घसरण सरकारच्या आधी कोणी ओरडून सांगितली असेल तर ती त्वचारोगतज्ज्ञांनी. त्यांच्या अखिल भारतीय संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध कृतिगट नेमला, मलमाने खराब झालेल्या चेहऱ्याला स्वतंत्र नाव देऊन तो आजार म्हणून नोंदवला, सरकारदरबारी पाठपुरावा केला. २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’ मध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकण्यावर कायद्याने बंदी झाली. दुकानात काय घडते ते कोणीही दहा मिनिटे उभे राहून पाहावे. ‘त्वचेचा आजार, त्यासाठी डॉक्टर कशाला’ ही वृत्ती आणि ‘त्वचेचे डॉक्टर म्हणजे पार्लर’ हा टोमणा एकाच घरातून निघतात, हे इथे स्पष्ट दिसते. आजार क्षुल्लक मानला की तज्ज्ञही क्षुल्लक ठरतो आणि मलम किराणा मालासारखे घेतले जाते.

पाटीवरून गळालेला तिसरा शब्द सर्वांत बोलका आहे. महाराष्ट्राला कुष्ठरोग परका नाही. मुंबईत वडाळ्याचे अॅक्वर्थ रुग्णालय १८९० चे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे, ही नावे शाळेच्या पुस्तकापासून माहीत असतात. कदाचित त्यामुळेच हा रोग इतिहासजमा झाला असे वाटते. डिसेंबर २००५ अखेर देशाने ‘निर्मूलना’चे लक्ष्य गाठल्याचे जाहीर झाले, आणि तिथे एका शब्दाने मोठा घोटाळा केला. लक्ष्य होते दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, तेही त्या घडीला उपचार चालू असलेले. उपचार संपला की नाव नोंदवहीतून कमी होते. जंतूंचे प्रमाण अधिक असलेल्या रुग्णांचा बहुविध औषधोपचार १९९० च्या दशकाअखेर २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला गेला. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय सयुक्तिक होता, पण त्याबरोबर नोंदवहीतील त्या गटाची संख्या, एकही नवा रुग्ण न घटता, निम्मी होते. याला गणित म्हणता येईल, निर्मूलन नाही. आजही जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर ही नावे त्यात वर्षानुवर्षे येत राहिली आहेत.

लक्ष्य गाठल्याच्या आनंदात या रोगासाठीची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळली. चट्टा पाहून ओळखणारे अनुभवी कर्मचारी निवृत्त झाले. आता फिकट, न खाजणारा, न दुखणारा चट्टा घेऊन येणारा माणूस कोणाच्या हाती पडतो, यावर त्याचा हात वाकडा होणार की नाही हे ठरते. पुष्कळदा तो पडतो त्या नायट्याच्या मलमाच्याच हाती. उपचार सुरू झाल्यावरही मज्जातंतूंना अचानक सूज येऊ शकते, कोपरामागची नस दोरीसारखी होते, पापणी मिटेनाशी होते; तेव्हा दिवसांच्या हिशेबाने स्टेरॉइड द्यावे लागते, इथे मात्र खरोखरच. हे शास्त्र शिकवले जाते ते त्वचारोग विभागातच. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत होते. औषधाने बरा होणारा रोग कायद्याला कळायला किती वेळ लागला, याची ही नोंद.

रूपाचा प्रश्न क्षुल्लक आहे का, हाही मुद्दा टाळण्यासारखा नाही. कोड संसर्गजन्य नाही, जीव घेत नाही, दुखत नाही. तरीही मुलीच्या ओठावर पांढरा ठिपका दिसला की घरात आधी विचार होतो तो तिच्या लग्नाचा आणि मग पाठच्या बहिणीच्या. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता’ ही संस्था उभी केली आणि २००६ मध्ये सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट आला, तो याच जागच्या दुखण्यावर. ३११ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, डाग स्थिर झाल्यावर निरोगी त्वचेतील रंगपेशी काढून तिथे रोवणे, हे उपचार ‘दिसण्यासाठी’च असतात. त्यांना सौंदर्यप्रसाधन म्हणणारा माणूस बहुधा स्वतः बिनडागाचा असतो.

गोरेपणाच्या बाजाराशी याची सरमिसळ करणे हा वेगळाच अन्याय आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या क्रीमचे नाव २०२० मध्ये बदलून ‘फेअर’चे ‘ग्लो’ झाले. इच्छा तीच राहिली. वांगावर ठरावीक आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली लावायचे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण फेअरनेस क्रीम म्हणून वर्षानुवर्षे चेहऱ्याला लावले जाते. मग गाल लाल, पातळ होतात, मुरुम उठतात, उन्हात उभे राहवत नाही. याहून वाईट म्हणजे बिननावाची पारायुक्त क्रीम. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विरळ आजाराचा संबंध अशा क्रीमशी जोडून दाखवला; क्रीम थांबवल्यावर बरेच रुग्ण सुधारले. या बाजाराचे कारखानदार, विक्रेते आणि जाहिरातदार त्वचारोगतज्ज्ञ नसतात. बिघडलेला चेहरा घेऊन माणूस शेवटी येतो मात्र त्यांच्याकडे.

आता आक्षेपातला खरा अंश. लेझर, बोटॉक्स, केशरोपण, फिलर यांत पैसा आहे, आणि शाखेतल्या काहींनी त्यापायी खाजेचा रुग्ण दुसऱ्याकडे ढकलायला सुरुवात केली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्राचे कर्ज फेडायचे म्हणून गरज नसलेल्या बैठका विकल्या जातात. पण हे सगळ्या शाखेचे वर्णन म्हणून पुढे करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ग्रामीण रुग्णालयाच्या राष्ट्रीय मानकांत शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग आणि भूलतज्ज्ञ यांच्या जागा धरलेल्या असतात, त्वचारोगतज्ज्ञाची नसते. तालुक्याच्या बाह्यरुग्ण विभागात खरूज, नायटा, इसब घेऊन माणसे रांग लावतात आणि त्या रांगेसमोर खुर्चीच नसते. जागा निर्माण न करता ‘शहरात पळाले’ म्हणणे सोपे आहे. दुसरी, लेझर आणि केशरोपणाचा जो बाजार दिसतो तो बऱ्याच अंशी अपात्र हातांत आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावे लागले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे केशरोपणासाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे. असे सांगावे लागते, यातच बाजाराची स्थिती कळते. दोन दिवसांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला आणि तीन वर्षे पेम्फिगस, कुष्ठ, सिफिलिस पाहिलेला, दोघांच्या पाटीवर शब्द तेच असतात. फरक कळतो तो गाल भाजल्यावर किंवा भुलेची मात्रा चुकल्यावर.

करिअर म्हणून या शाखेची वाढ लेझरच्या दिशेनेच होते, हेही अर्धसत्य आहे. त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारे, बालकांच्या जनुकीय त्वचारोगांवर काम करणारे, शस्त्रक्रिया करणारे, उद्योगधंद्यांतील त्वचारोगांवर बोलणारे तज्ज्ञ वेगळे घडू लागले आहेत. सोरायसिसवर आता प्रतिकारयंत्रणेतील एकेका रेणूला गाठणारी इंजेक्शने आली आहेत आणि ती देण्याआधी क्षयरोग लपलेला नाही ना हे पाहावे लागते. म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाला पुन्हा फिजिशियन व्हावे लागते. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्याचा अग्रक्रमाचा विषय ठरवणारा ठराव केला. पार्लरसाठी असे ठराव होत नाहीत.

सर्वांत नवा आक्षेप यंत्राच्या नावाने येतो: फोटो काढला की संगणक निदान सांगेल, मग तज्ज्ञ कशाला? २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख २९ हजार चित्रांवर शिकवलेला संगणक काही त्वचा-कर्करोग ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस उतरला, तेव्हापासून ही भाषा सुरू झाली. २०२२ मध्ये अशाच प्रणाली काळसर त्वचेच्या चित्रांवर तपासल्या गेल्या आणि त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. पाठ्यपुस्तकातली ‘लाली’ भारतीय कातडीवर जांभळट, तपकिरी, कधी नुसती काळपट दिसते. गोऱ्या कातडीवर शिकलेल्या विद्यार्थ्यालाही ती आधी दिसत नाही, यंत्राला कुठून दिसणार? ई-संजीवनीसारख्या दूरसल्ल्यातून तालुक्याचा नायटा, खरूज, सोरायसिस ओळखता येतो आणि तो मार्ग वाढायलाच हवा. पण गडचिरोलीतून आलेल्या फोटोत पाठीवर फिकट चट्टा असेल, तर पुढचा प्रश्न फोटोला विचारता येत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याला रुग्णाचे डोळे मिटवून बॉलपेनचे टोक हलकेच चट्ट्यावर आणि मग शेजारच्या चांगल्या कातडीवर टेकवावे लागते, आणि स्पर्श कळला तिथे बोट ठेवायला सांगावे लागते.